एक रिंग

सोमवार, संध्याकाळ. राळेगाव.

एक रिंग मारायची होती, बस. जुन्या केबलवरच्या लाइनी फायबरवर घेताना बिलिंगवाले यादी पाठवतात, लाइनवाले खांबापाशी थांबतात आणि मी टेलिफोन एक्सचेंजमधून 'तोड' म्हणतो. पण यादीत 'वापर नाही' लिहिलेल्या नंबरले तोडायच्या आधी एक रिंग मारायची, हा आमचा रिवाज. आज काहून नाही मारली मी? लाइनवाले उन्हात ओरडून राह्यले होते म्हणून?

चार वाजता त्याच यादीतल्या एका नंबरवाल्या शांताबाई आल्या, फोनच पिशवीत घालून. "भाऊ, हा मुका झाला. मी कोणाले लावत नाही, पण माह्या पोराले हाच नंबर पाठ हाये. घर सोडून गेला तवापासून वाट पाहून राह्यली."

बिलिंगवाल्यांनी तोवर नंबर कायमचा रद्द केलता. नवा मिळेल म्हणे. तो नवा त्या पोराले कोण सांगणार?

"त्यानं आज लावला तर त्याले काय ऐकू येईल?" बाईंनी विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही.

आता घरी बसून त्यांच्या नंबरवर रिंग मारली. सकाळी मारायची होती ती. रेकॉर्डिंगमधली बाई किती गोड आवाजात सांगते, हा नंबर अस्तित्वात नाही.