मागच्या खोलीतील तपोवन

३ फेब्रुवारी, सोमवार. पहाटे.
आजपासून घरून काम. पूर्वीचे ऋषी अरण्यात जात; मला कंपनीने मागची खोली दिली आहे. खोलीत सौ.चे शिलाई मशीन होते. ते गॅलरीत हलवले. तिने विचारले, आणि मी कुठे हलू? उत्तर दिले नाही. शुभदिनी वाद नको.

कार्यालयात काम अशक्य झाले होते. डावीकडचा कारकून दिवसभर पेन टकटकवतो, उजवीकडचा खुर्चीसकट डुलतो. या दोघांमध्ये बसून मी वॉशिंग मशीनच्या संतप्त ग्राहकांना शांत करायचे! खालच्या साऱ्या पायऱ्यांवर भांडून झालेला ग्राहक शेवटी माझ्याकडे येतो. माझ्यानंतर फक्त न्यायालय. कॉल संपला की तो मला तारे देतो. एक ते पाच. गेल्या तिमाहीत मला मिळालेले तारे अमावास्येलाही शोभले नसते.

एप्रिलअखेर निवृत्ती. एका वर्षाची मुदतवाढ मिळेल का, ते आमच्या कक्षप्रमुख मॅडम मार्चअखेर तारे पाहून ठरवणार. मॅडम माझ्या सुनेच्या वयाच्या. असो. निवृत्त होऊन करायचे काय, हा विचार मी मनात येऊ देत नाही.

संकल्प : क्रोध जिंकणे. षड्रिपूंपैकी इतर पाच माझ्याकडे फारसे फिरकत नाहीत. ही रोजनिशी त्या विजयाची साक्षीदार. अन्य वाचक नको.

३ फेब्रुवारी, दुपार.
पहिलाच कॉल. एका गृहस्थांचे मशीन कपडे पिळता पिळता न्हाणीघरातून दिवाणखान्यात चालत येते. ते गृहस्थ मला निर्लज्ज म्हणाले. मी आवाज मंद्र सप्तकात ठेवून संयमाचे महत्त्व सांगू लागलो, तोच चिमणी (नात, वय पाच) तीनचाकी सायकलची घंटी वाजवीत दारावर आदळली. दार उघडून चार शब्द बोललो. स्वयंपाकघरातून सौ. आठ बोलली. मी सोळा. हे सर्व होईपर्यंत गृहस्थ हेडफोनमध्ये थांबले. थांबणे हा ग्राहकधर्मच आहे.

परतलो तो ते पूर्ण विरघळलेले. म्हणाले, जाऊ द्या हो आजोबा, लेकरू आहे, घंटी नाही वाजवणार तर काय करणार? मेकॅनिक पुढच्या आठवड्यात आला तरी चालेल म्हणाले. पाच तारे!

वाणीचे तप फळते, ते असे. आज क्रोध आला नाही. (सायकलचा प्रसंग हा क्रोध नव्हे. संस्कार होता.)

६ फेब्रुवारी, गुरुवार.
चिरंजीव जहाजावर नोकरीस, म्हणून सूनबाई आमच्याकडे. तीही घरूनच काम करते म्हणे. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून खदाखदा हसते. आज दार उघडून विचारले, हे काम चालले आहे की तमाशा? म्हणाली, बाबा, मी टीम लीड आहे, मी हसले नाही तर टीम पळून जाईल. मी म्हणालो, माझ्या हाताखाली माणसे होती तेव्हा कोणाची हसण्याची छाती नव्हती. म्हणाली, हो ना, म्हणूनच आता हाताखाली कोणी नाही.

बाणेदार उत्तर देत असता ध्यानात आले की कानात एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, झाकण तुटल्याची तक्रार घेऊन. बाईंनी विचारले, ही कोण बोलली? सून? मग सासऱ्याने घरात कसे वागावे यावर मला पाऊण तास शिकवले. झाकणाचे नावही काढले नाही. पाच तारे. माझ्या श्रवणभक्तीपुढे बाई नमल्या.

परंतु सूनबाईच्या हसण्याचा बंदोबस्त करणे आवश्यक.

१२ फेब्रुवारी, बुधवार.
मॅडमचा फोन. आमच्या कक्षात सर्वाधिक तारे मला! काका, काय जादू केलीत? मी म्हटले, साधना. त्या हसल्या. म्हणाल्या, जे करताय तेच करत राहा, काही बदलू नका.

विचार केला. इतक्या गोंगाटात जर ही सिद्धी, तर निःशब्द शांततेत काय होईल? मुदतवाढ एकाऐवजी दोन वर्षांचीही होऊ शकेल.

बदल करायचेच.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार.
जेवताना नियम जाहीर केले. नऊ ते सहा संपूर्ण मौन. सायकल बंद. कुकर सहानंतर. मिक्सर रविवारी. शिलाई मशीन माझ्या निवृत्तीनंतर. हसणे जिन्यात.

सौ. म्हणाली, अहो, श्वास कधी घ्यायचा तेही सांगून टाका, उगाच चूक नको. सूनबाई भातात पाहत होती. खांदे हलत होते. हसत असावी. संताप गिळला. थोडा सांडला. ताट सरकवले गेले आणि वाटी खाली पडली. मात्र वाटी स्टीलची होती, म्हणूनच एवढा आवाज झाला. अन्यथा कोणाच्या लक्षातही आले नसते.

२० फेब्रुवारी, गुरुवार.
सूनबाई खरोखरच जिन्यात बसून काम करते! वॉचमनने तिला आपले स्टूल दिले. वरच्या मजल्यावरची दंतवैद्य येता-जाता तिला चहा देते आणि मला पाहून मान फिरवते. यात माझी बदनामी करण्याचा हेतू स्पष्ट आहे. तिला म्हटले, आत ये. म्हणाली, नको बाबा, तुमचं मौन मोडेल. मी म्हटले, आत बस, पण मौन मोडू नकोस. म्हणाली, मीटिंग आहे, खुणा करून घेऊ का?

या पिढीला उलट बोलण्याचे शिक्षण कोठे मिळते, त्या शाळेची चौकशी केली पाहिजे.

२७ फेब्रुवारी, गुरुवार. रात्री जेवणानंतर.
फार मोठा वाद. कारण क्षुल्लक. सौ.च्या हातून चमचा पडला, मी खोलीतून बाहेर येऊन एक अक्षर न बोलता नुसते पाहिले. ती म्हणाली, असं बघण्यापेक्षा ओरडा तरी. मग ओरडलो. तिने आज्ञा केल्यावर ओरडणे हा क्रोध कसा?

ती म्हणाली, तुम्ही ऑफिसात जात होतात तेव्हा हे घर होतं. मी म्हणालो, आता हे तपोवन आहे. ती म्हणाली, मग राहा तपोवनात, आम्ही मनुष्यवस्तीत जातो.

निर्णय झाला. बाजारामागे एक जागा आहे, तिथे टेबल भाड्याने मिळते आणि शेजारी पाळणाघर. सूनबाई तिथे काम करणार, चिमणी पाळणाघरात. तिथल्या बाईंना शिवणकाम येणारे कोणी हवे होते, म्हणून सौ. शिलाई मशीन घेऊन चालली. सकाळी जाणार, संध्याकाळी येणार. चिमणी मला पाहताच ओठांवर बोट ठेवते. शिस्त लागली.

३ मार्च, सोमवार.
सिद्धी! सकाळी नऊला दार बंद झाले आणि घर स्तब्ध. नळाचे थेंबही टपकेनात. इतकी वर्षे हीच शांतता मागत होतो.

पहिला कॉल : मशीनमधून काळे पाणी येते. ग्राहक अखंड बोलला. मध्ये काहीच आडवे आले नाही. मी संयमाचे संपूर्ण विवेचन केले, एकही मुद्दा गाळला नाही. तो म्हणाला, तुम्ही माणूस आहात की रेकॉर्ड केलेला आवाज? एक तारा.

मूर्ख मनुष्य. अपवाद.

७ मार्च, शुक्रवार.
आठवडाभर अपवादच येत आहेत.

चालणाऱ्या मशीनवाले गृहस्थ पुन्हा आले. मशीन आता दाराबाहेर जाते. घंटीवाली नात कुठे आहे म्हणून विचारले. मी म्हणालो, कौटुंबिक माहिती नियमात बसत नाही. त्यांनी वरिष्ठ मागितला. मी म्हणालो, मीच शेवटचा. ते म्हणाले, दिसतंयच.

मुख्याध्यापिकाही आल्या. सून कशी आहे? मी म्हणालो, विषयाला धरून बोलावे. मग त्यांना झाकण आठवले. एक तारा. सर्व शिक्षकवर्ग कृतघ्न असतो.

घरून काम करण्याची हानी : ग्राहकांचा दर्जा खालावतो.

१४ मार्च, शुक्रवार.
मॅडमचा फोन. काका, काहीतरी बदललंय का? मी म्हटले, केवळ सुधारणा. त्या म्हणाल्या, तुमचे फेब्रुवारीतले कॉल मी नवीन लोकांना ऐकवते, एकदा तुम्हीही ऐका. आणि लावला.

एक म्हातारा कोण्या लहान मुलीवर सायकलपायी किंचाळत होता. मागून एक बाई त्याची खरडपट्टी काढत होती. त्यावर तो आणखी चिरकला. आणि फोनवरचा ग्राहक, जो आधी शिव्या देत होता, तो हसू दाबत होता. मग म्हणतो, जाऊ द्या हो आजोबा.

मॅडम म्हणाल्या, लोक तुमच्याशी भांडायला येतात काका, आणि तुमचंच भांडण मिटवून जातात.

मी सांगितले की रेकॉर्डिंगमध्ये दोष आहे. माझा आवाज इतका पातळ नाही. फोन आपटला. खरे म्हणजे मोबाईल आपटता येत नाही, म्हणून उशीवर आपटला.

१८ मार्च, मंगळवार.
मानत नाही. तथापि प्रयोग म्हणून करून पाहण्यास हरकत नाही.

गॅलरीतून चिमणीची सायकल आणली. ड्रायर फिरत नाही म्हणणाऱ्या एका बाईंचा कॉल चालू असता पायाने घंटी वाजवली आणि ओरडलो, अगं, किती वेळा सांगितलं! आवाज भरदार लागला. मग सौ.च्या बाजूने काही हवे म्हणून स्टीलची वाटी पाडली.

बाई हळूच म्हणाल्या, आजोबा, घंटी वाजते त्याच्याआधीच तुम्ही ओरडताय. घरात कोणी नाही का?

मी कॉल कापला. तारे आले नाहीत.

२४ मार्च, सोमवार. संध्याकाळ.
तिघींना बसवून उदार प्रस्ताव मांडला. नियम मागे. सायकलला पूर्ण मोकळीक. कुकर सकाळी. शिलाई मशीन मागच्या खोलीतसुद्धा आले तरी चालेल, मी कोपऱ्यात बसेन. वाणी शक्य तितकी मृदू ठेवली.

सौ. म्हणाली, बुधवारपर्यंत चार झबली द्यायची आहेत, मुलं वाट बघतात. तिची वाट कोणी पाहते, हे सांगताना ती उगाच पदर सावरत होती. सूनबाईला म्हटले, तू तरी टेबलावर बस, मला अडचण नाही. ती म्हणाली, बाबा, राग मानू नका. तिथं मला हसता येतं.

राग मानला. मानू नका म्हटल्यावर माणूस दुसरे काय करणार?

चिमणीला सायकल दाखवली. घंटी वाजवून दाखवली. तिने ओठांवर बोट ठेवले आणि माझा हात घंटीवरून अलगद काढला.

३१ मार्च, सोमवार.
मुदतवाढ नाही. मॅडम सौजन्याने बोलल्या. फेब्रुवारीतले काका असते तर मी वर भांडले असते, म्हणाल्या. एप्रिल घरूनच पुरा करा, ऑफिसला यायची गरज नाही.

दुपारी मुख्याध्यापिकांचा कॉल. झाकण बसले, म्हणून कळवले. मग सवयीने विचारले, सून कशी आहे? मी म्हणालो, बरी आहे, बाहेर असते. आणि नात? बाहेर असते. मंडळी? तीही. बाई थांबल्या. मीही थांबलो. विषयाला धरून असे काही उरले नव्हते, तरी दोघांपैकी कोणी फोन ठेवला नाही.

शेवटी त्यांनीच ठेवला. पाच तारे दिले. आता ताऱ्यांचा उपयोग नाही.

संकल्पाची नोंद : आज दिवसभर क्रोध आला नाही. घरात कोणी नव्हते.