मला काहीही झालेलं नाही, याबद्दल

तीर्थस्वरूप महादूदादास,

धाकट्या रविंद्रचा नमस्कार. वहिनींनाही सांग. शहापुरात सगळे खुशाल असतील, तुझा गुडघा जिना चढू देत असेल असं धरून चालतो. (पत्रात थोरल्या भावाला अहोजाहो करावं म्हणतात, पण अकरा वर्षांनी बोलणं सुरू झालंय, त्यात परकेपणा नको म्हणून अरेतुरेच लिहितो.) इकडे सगळे बरे आहेत. मीसुद्धा बरा आहे. हे वाक्य कृपा करून दोनदा वाच, कारण पत्र त्याच्यासाठीच आहे.

गेल्या रविवारी तू अकरा वर्षांनी आमच्या अंगणात आलास, माझा हात धरून रडलास, 'बांध तुझ्याच बाजूला राहू दे रे, वर काय न्यायचाय' म्हणालास आणि माझ्या उशाशी सहा शहाळी ठेवून गेलास. मी गोंधळून नुसता बघत होतो. आता सगळा उलगडा झालाय आणि तो तुला कळवल्याशिवाय घास उतरत नाही. पण कळल्यावर तू परत बोलणं टाकशील की काय, या भीतीने हे तिसऱ्यांदा लिहायला घेतलंय. फोन केला असता, पण माझा आवाज ऐकून तू पुन्हा रडायला लागशील.

त्याचं असं झालं. गावातून मुरबाड आणि मुरबाडहून एसटीने कल्याणचं गोदाम, असे येऊन-जाऊन माझे चार तास जातात (रस्ता खणलेला असला तर पाच, आणि तो खणलेलाच असतो). गोदामातल्या सुरजने मला पॉडकास्ट लावून दिले. म्हणजे रेडिओच, पण गाणी नाहीत, बातम्या नाहीत, आणि बोलणारं माणूस आपण म्हणू तेव्हा गप्प होतं (ही सोय घरात नाही). भूतं, शेअर बाजार, मधमाश्या असं सगळं ऐकून मी शेवटी एका बाईंवर स्थिरावलो. त्या घरातली नाती कशी सुधारावीत ते सांगतात. आवाज इतका मऊ की आपण किती चुकलो हे ऐकायलासुद्धा बरं वाटतं. दर भागाच्या शेवटी गृहपाठ असतो, आणि तुला माहीतच आहे, शाळेत मी गृहपाठ कधी केला नाही. म्हटलं आता तरी करू.

पहिला गृहपाठ, बायकोचे आभार माना. मी शकूला भाकरीबद्दल थँक्यू म्हटलं. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा. तिने तवा उतरवला, माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि तवा परत चढवला. दुसरा, समोरच्याच्या बोलण्यातली भावना ओळखून त्याला सांगा. शकू म्हणाली, मोटार बिघडलीय. मी म्हटलं, म्हणजे तुला एकटं वाटतंय. ती म्हणाली, 'नाय, पाणी नाय.' तिसरा जरा अवघड होता, तरी केला. मी तिला शेजारी बसवून विचारलं, उरलेल्या आयुष्यात तुझी कुठली इच्छा राहून गेलीय? ती आत गेली ती तासाभराने डोळे सुजवून बाहेर आली. मला वाटलं, बाई म्हणतात तसं मन मोकळं झालं.

त्यातच जगदीशने (आपला शेजारी, माझ्याच एसटीला असतो) मला गाडीत पाहिलं. मी डोळे मिटलेले, छातीवर हात (श्वासाकडे लक्ष द्यायचं होतं), डोळ्यांत पाणी (वडिलांवरचा भाग होता) आणि कानातून दोन वायरी शर्टात गेलेल्या. त्याने गावात सांगितलं की रवीला छातीचं मशीन लावलंय.

आता आपल्याकडची रीत अशी की मोठ्या आजाराचं नाव आजाऱ्यासमोर काढायचं नाही. त्यामुळे मला कुणी काहीच विचारलं नाही, फक्त सगळे गोड वागायला लागले. जगदीश खिडकी सोडायला लागला. जनाबाईने चार वर्षांपूर्वी नेलेली शिडी आणून दिली आणि वर माफी मागितली. शकूने माझी खाट हवेशीर म्हणून ओटीवर आणली आणि कुणाला न सांगता म्हसा गावच्या देवाला नवस बोलून आली. मला वाटलं, ऐकतो मी एकटा आणि सुधारतंय सगळं गाव. मी त्या बाईंना मोबाइलवर पाच चांदण्या दिल्या. मग तू आलास, तेव्हा तर मी मनातल्या मनात त्यांच्या पाया पडलो.

सोमवारी नाशिकहून प्रियांका आली आणि दारातच म्हणाली, 'बाबा, फाईल द्या, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू.' मी म्हटलं, कसली फाईल? ती म्हणाली, 'आता लपवू नका.' मी काय लपवतोय हे आम्हा तिघांना कळायला तास गेला. शकू आधी हसली, मग रडली आणि मग तिने जो अबोला धरलाय तो आज चौथा दिवस. गावात तर मी धडधाकट निघालो याचा लोकांना राग आलाय. जनाबाईने शिडी परत नेली.

तर दादा, मी तुला फसवलं नाही. मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं की मी मरतोय. बांधाचं तू जे बोललास ते मरणाऱ्या माणसाशी बोललास, तेव्हा तो शब्द मी धरणार नाही.

तुझा धाकटा भाऊ,
रविंद्र

ता. क. शकूचं म्हणणं (प्रियांकामार्फत) असं की बांधाचे दगड एकदा पक्के बसू देत, मग पत्र टाका. म्हणून हे घरी न सांगता कल्याणहून टाकतोय.

ता. क. दुसरा. येत्या रविवारी परत येतो म्हणाला होतास. दगड तू म्हणशील तिथे बसवतो, पण तू ये. आजारपण नसताना भावाकडे काय सांगून जायचं, हे या अकरा वर्षांत आपण दोघेही विसरलोय. लोकांना सांगायला कारण लागणार असेल तर मी आणखी महिनाभर आजारी राहतो. खाट अजून ओटीवरच आहे.