घरी परतलेल्या माणसाचा सिनेमा

स्वोल्वेर,
६ फेब्रुवारी १९७८

ती. बोर्गहिल्ड मावशीस,
आयलर्टचा शि. सा. न. वि. वि.

तू विणलेले मोजे पोचले. या वेळी दोन्ही सारख्या मापाचे आहेत.

आता काळजीचं. आमची फिरत्या सिनेमाची गाडी चोवीस तारखेला तुमच्या हेलवोगला येते. मागच्या दोन खेळांना तुमच्याकडे अकरा आणि नऊ माणसं आली. तिसऱ्यांदाही पंधराच्या आत राहिली, तर हेलवोगचं नाव फेरीतून काढू, असं कचेरीने कळवलं आहे. मग तुझ्याकडची गावच्या हॉलची किल्ली फक्त लग्नाला आणि निवडणुकीला निघेल.

सिनेमा चांगला आहे. एक माणूस दूरच्या ताऱ्याकडे जातो. त्याची तीन वर्षं होतात, तोवर इकडे त्याच्या बायकोची तेहतीस. तो तसाच तरुण परत येतो. जाहिरातीवर ‘प्रकार’ अशी एक कोरी ओळ असते, तिथे मी कचेरीच्या यादीप्रमाणे ‘विज्ञानकथा’ लिहितो. ग्रुनवीकला तसं वाचून मासळी कारखान्यातली सहा पोरं आली. राक्षस कधी येतो म्हणून शिट्ट्या मारत होती. नवरा दार वाजवतो तेव्हा बायको आधी कॉफी ठेवते आणि मग उघडते, तिथे ही पोरं हसली आणि उठून गेली.

जाहिरात सोबत आहे, दुकानात लाव. दोनदा तपासली आहे.

उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
आयलर्ट


हेलवोग,
११ फेब्रुवारी

चि. आयलर्ट यास,
अनेक आशीर्वाद.

अक्षर इतकं नेटकं की दुकानदाराला जाहिरात छापील वाटली. ती लावून मी तिथेच घुटमळत राहिले. शेजारची ओलाउग आली, ‘विज्ञानकथा’ वाचलं आणि म्हणाली, या वयात मला रॉकेटं कसली दाखवता, पोरांना दाखवा. मग मी तिला गोष्ट सांगितली. तिचा नवरा एडविन वीस हिवाळे दक्षिणेला देवमाशांच्या शिकारीला जायचा, तुला ठाऊक आहेच. जाता जाता ती थांबली आणि नवरा परत आल्यावर बायको काय करते, ते विचारू लागली. मी म्हटलं, तिकीट काढ, कळेल.

घरी येऊन मी कागदाची एक पट्टी कापली. तिच्यावर ‘घरी परतलेल्या माणसाची गोष्ट’ असं लिहिलं आणि तुझ्या ‘विज्ञानकथे’वर चिकटवली. तू रागावणार नाहीस, पण तुला झोप लागणार नाही, हेही मला माहीत आहे.

तुझं भलं चिंतणारी,
मावशी


स्वोल्वेर,
१४ फेब्रुवारी

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

पट्टी काढ. किंवा राहू दे. मला ठरवता येत नाही. यादीत आहे तेच लिहायचं, अशी नोकरीची अट आहे. सातवीनंतर शाळा सुटलेल्या माणसाला दुसरी नोकरी कोण देणार? आणि बायका विणकाम घेऊन आल्या, चौथ्या मिनिटाला रॉकेट उडालं, की आम्हाला फसवलं म्हणणार. कचेरीला तक्रार गेली तर मी काय उत्तर देऊ?

तुझ्यावरच भार टाकून,
आयलर्ट


हेलवोग,
२५ फेब्रुवारी

चि. आयलर्ट यास,
अनेक आशीर्वाद.

काल रिळं डब्यात कोंबून, कुणाकडे न बघता पळालास. म्हणे बोट चुकेल. बोट सव्वा तासाने होती आणि मी साठ वॅफल केले होते.

पट्टी मी तशीच ठेवली होती. एकेचाळीस माणसं आली, ती तू मोजली असशीलच. पण तू यंत्राकडे बघत होतास आणि मी माणसांकडे. रॉकेट उडालं तेव्हा वर कुणी पाहिलंच नाही. सगळ्याजणी कुंपणापाशी उभ्या राहिलेल्या बायकोकडे बघत होत्या. मागून कुणीतरी म्हणालंदेखील, बाई, कानटोपी न देताच पाठवलंस त्याला. आणि बायकोने दार उघडायच्या आधी कॉफी ठेवली, तेव्हा कुणाची सुईसुद्धा हलली नाही.

नंतर ओलाउग म्हणाली, बरोबर केलं तिने. एडविन पहिल्यांदा परतला तेव्हा तीही कॉफी ठेवूनच दाराशी गेली होती. दाराबाहेरचा माणूस परका निघाला तर, अशी तिला भीती वाटत होती. हे तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. मलाही नाही, आणि आमच्या घरांत एकच भिंत.

नावाडी तोर्लेफ तर तीन वॅफल खाऊन म्हणाला, असेच सिनेमे आणा. मी सांगितलं, कचेरीत याला विज्ञानकथा म्हणतात. त्याने चौथा वॅफल खाली ठेवला आणि म्हणाला, असले सिनेमे मी बघत नाही.

पळपुट्या भाच्यावर तरीही जीव असलेली,
मावशी


स्वोल्वेर,
९ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

हेलवोग फेरीत कायम झालं. मी अहवालात पट्टीबद्दल सगळं खरं लिहिलं होतं आणि नऊ दिवस जेवण गोड लागत नव्हतं. कचेरीचं उत्तर दोन ओळींचं आलं: पट्टीवर नेमके कोणते शब्द होते ते कळवावे, पुढच्या गावांना उपयोगी पडतील. ते वाचून मी गाडीच्या पायरीवर बसलो आणि जेवणाच्या डब्यातलं सगळं संपवलं.

पुढची जाहिरात सोबत आहे. सिनेमा समुद्राच्या तळाशी घर बांधून राहणाऱ्या दोन अबोल भावांचा आहे. गोष्ट वेगळ्या कागदावर दिली आहे. ‘प्रकार’ची ओळ मी कोरी ठेवली आहे. ओलाउगला विचारून भर. तोर्लेफला आधी काही बोलू नकोस.

बोटीचं वेळापत्रक तपासलं आहे. या वेळी वॅफल खाऊनच निघेन.

असाच जीव लाव,
आयलर्ट