अव्वाच्या बियाण्याची वांगी

॥ श्री ॥

लातूर,
२४ एप्रिल १९८३

चि. रेवणसिद्ध यास महादेवी अक्काचे अनेक आशीर्वाद.

आम्ही इकडे ठीक आहोत. तू, कमलम्मा आणि लेकरं बरी असाल. जिल्हा झाल्यापासून लातुरात पाट्यांना नवा रंग लागलाय, नळाला पाणी मात्र आठव्या दिवशी. तुझ्या दाजींना कलेक्टर कचेरीत टंचाईचं टेबल मिळालं आहे. कुठल्या गावाला टँकर पाठवायचा, कुणाची विहीर ताब्यात घ्यायची, दिवसभर हेच चालतं. जेवतानासुद्धा गावांचीच नावं घेतात.

माळव्याचं, भाजीपाल्याचं म्हणशील तर यंदा बाजार बघून महिना ओळखता येत नाही. श्रावणात अंबाडी आली नाही. दसऱ्याच्या काकड्या कडू निघाल्या. येळवशीच्या, वेळ अमावास्येच्या भज्जीला हरभऱ्याचा पाला मिळावा म्हणून मी गोलाईच्या बाजारात तीन चकरा मारल्या आणि शेवटी नुसत्या बेसनावर सण साजरा केला. होळीनंतर तर कांदा आणि वाळलेल्या गवारी, एवढंच.

आपल्या गावची धुरपताबाई इथे सरकारी दवाखान्यात आहे, हे तुला कुणी सांगितलं का? गावात टँकरच्या गर्दीत घागरीसकट पडली. खुब्याचं हाड मोडलंय. मी रोज भाकरी घेऊन जाते. अप्पांनी आपली विहीर खोल केली तेव्हा गाळाच्या पाट्या हिनेच वाहिल्या होत्या. तू पाळण्यात होतास. परवा मला म्हणाली, "बाई, माझं जाऊ द्या. रेवनाप्पाचं लई वाईट वाटतं. हीर आटली, मोटर काढली, वर काट्याच्या बोराट्या टाकल्या. काठ ढासळून राहिला म्हनं, कुनाला जवळ यिऊ देत न्हाईत. कसं व्हावं त्येंचं?"

मी मान खाली घालून भाकरी कुस्करत बसले. का, ते आता सांगते.

सुलतानबी ही माझी गेल्या दहा वर्षांपासूनची माळवेवाली. तीन आठवड्यांपूर्वी तिच्या पाटीत वांगी दिसली. पांढरट, पोटावर जांभळी रेघ, आणि देठाला असे काटे की हात लावला तर रक्त निघावं. रेवणा, हे बी अव्वाने राखेत घालून जपलेलं. माझ्या लग्नात मी मागितलं तेव्हाही तिने दिलं नाही. दुसऱ्या घरी गेलं की चव जाते म्हणाली. मी त्या गोष्टीवरून रडले होते, तुला आठवत नसेल. सुलतानबीला विचारलं तर तिने आधी इकडेतिकडे पाहिलं. "शिरूरकडून येतंय बाई. पहाटच्या मोटारीवर पाटी येती. देनारा म्हनला, गावाचं नाव घिऊ नको. तुमाला म्हनून सांगितलं."

शिरूरकडून म्हणजे आपल्याच गावच्या वाटेवरून. या उन्हात पाण्याशिवाय वांगं धरत नाही, हे मला शिकवायला नको. मीही त्याच रानात वाढले.

आता माझं ऐक. मी ती वांगी घेतली. त्या दिवशी घेतली आणि नंतरही घेत राहिले. कारळ-तीळ घालून भरली. दाजींनी बोटं चाटली आणि विचारलं, "कुठली गं?" मी बार्शीची म्हणून सांगितलं. त्याच जेवणात ते आपल्या गावाचं नाव काढून म्हणाले, "तिथं एकही ओली विहीर राहिली नाही. टँकर तरी किती पाठवायचे?" मी त्यांना आणखी एक वांगं वाढलं.

त्यानंतर नवव्या दिवशी धुरपताबाई पडली. तिचं हाड तुझ्या लबाडीनं मोडलं, तसं माझ्या गप्प बसण्यानंही मोडलं. मला तुझा राग येतो आणि त्याहून जास्त माझा येतो.

बहात्तर साली अप्पांनी बागायत वाळू दिली, पण विहीर गावाला खुली केली. रहाट ओढून तुझ्या तळहातांना फोड आले होते. बाळंतपणाला आलेली मी त्यांना तूप लावत होते. तो तूच ना रे?

अव्वा-अप्पा गेल्यावर मला माहेर म्हणजे तू. पंचमीला चोळी तूच करतोस. दाजींना सांगितलं तर तुझा उंबरा मला बंद होईल, हे मला कळतं. म्हणून तर तीन आठवडे गेले.

हे पत्र टपालात टाकत नाही. सुलतानबीच्या रिकाम्या पाटीत, गोणपाटाखाली ठेवते आहे. पाटी परत कुणाकडे जाते हे मला ठाऊक आहे, एवढं तुला पत्र उघडण्याआधीच कळावं.

बोराट्या काढ. तलाठ्याला बोलव आणि चार लोकांसमोर पाणी दाखव. झाडावरची वांगी गावात वाटून टाक. एक झाड मात्र बियाण्याला ठेव. त्याच्यापुरतं तांब्याभर पाणी गाव तुला देईल, मागून तर बघ.

गुरुवारी सकाळी मी सुलतानबीपाशी उभी असेन. पाटी आली नाही तर मी समजेन, आणि दवाखान्यात जाऊन धुरपताबाईला सांगेन की आपली विहीर गावाला खुली झाली. पाटी आली तर त्यातलीच वांगी घरी आणीन, भरून करीन आणि दाजींच्या ताटात वाढताना ती कुठली आहेत ते खरं सांगेन.

लेकरांना माझे पापे.

गुरुवारी पाटी न येवो म्हणून वाट पाहणारी,
तुझी अक्का