तुम्ही गाडी थांबवली नाहीत

अण्णा,

तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि मी आज तुमच्यावर चिडले आहे. सकाळी परात इतक्या जोरात आपटली की आई म्हणाली, "कुणाचा राग काढायलीस?" तुमचा.

बारावीचा गणिताचा पेपर. चारठाण्याहून जिंतूरला जाणारी सकाळची एसटी आणि ड्रायव्हर तुम्ही. मी तुमच्या मागच्याच सीटवर बसलेय. आठ दिवसांपासून पोटात मुरडा येतोय, नुसतं पाणी जातंय. पण सांगितलं तर तुम्ही अभ्यासाची भीती म्हणाल, म्हणून गप्प आहे. अर्ध्या वाटेत कळ येते. मी पुढे वाकून म्हणते, "अण्णा, गाडी थांबवा. दोनच मिनिटं." तुम्ही आरशातून बघता. "गप बस. भरल्या गाडीत काय बोलायलीस? दम धर जरा." मी पुन्हा म्हणते. तुम्ही गिअर बदलता. पुढचं सांगायला नको, वास तुमच्यापर्यंत आला असेलच. बायका सरकल्या. शेजारची मुलगी परीक्षेचं पॅड नाकाशी धरून उठली. जिंतूरला स्टँडच्या नळावर मी सलवार धुतली, ओढणी कमरेला गुंडाळली आणि पेपर न देताच परतले. संध्याकाळी तुम्ही म्हणालात, "खाताना तोंडाला आवर न्हाई, मंग असंच होतंय." माझं वर्ष गेलं. त्याच उन्हाळ्यात माझं लग्न लावलंत.

त्यानंतर कुणी जंत म्हणालं, कुणी आमांश. कधी चार-सहा महिने बरी असायचे, मग पुन्हा दिवसातून दहा वेळा. तुमचं ते वाक्य मी इतकं खरं मानलं की लग्नाकार्यात जेवणंच सोडलं. यंदा परभणीच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून तपासलं आणि कागदावर आतडं काढून दाखवलं. म्हणाले, "मोठं आतडं पाणी शोषून घेतं, म्हणून शौचाला घट्ट होते. तुमच्या आतड्याचं आतलं अस्तर सुजलंय, त्याला जखमा झाल्यात. ते पाणी शोषत नाही, उलट तिथून पाणी, आव, रक्त आत झिरपतं. वर सुजलेल्या आतड्याला काही धरूनही ठेवता येत नाही. यात तुमची चूक नाही, ताई." चाळिशीला आल्यावर एका परक्या माणसाने मला हे सांगितलं. मी तिथेच रडले.

घरी येऊन आईला सांगितलं तर तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "तुझ्या अण्णालाबी हेच होतं. रक्तबी पडायचं. डेपोत कळलं तर गाडी काढून घेतील म्हनून मला शपथ घातली होती. ड्युटीवर उपाशी जायचे. पिशवीत दुसरी पँट कायम असायची."

अण्णा, ती पिशवी त्या दिवशी तुमच्या सीटमागे, माझ्या पायाशी होती. गाडीतल्या बाकीच्यांना मी कधीच माफ केलं, त्यांना माहीत नव्हतं. दम धरता येत नाही, हे त्या गाडीत फक्त तुम्हाला माहीत होतं. तुमची नोकरी, तुमची लाज मला समजते. पण निदान संध्याकाळी, दार लावून, "मलाबी होतंय" एवढं म्हटलं असतंत तर? तुम्ही मला शिव्या घातल्यात. आणि स्वतः अंगातलं रक्त संपून गेलात, लोकांना आम्ही अशक्तपणा सांगितला.

मी माझ्या मुलीला सगळं सांगितलंय. तुमच्यासकट. तिला त्रास झाला तर ती पहिल्या दिवशी माझ्याकडे येईल.

हे पत्र आईलाही दाखवणार नाही. कारण हे सगळं कळल्यावर, गेल्या सोमवारी पुन्हा दाखवायला गेले तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कुणाला असं होतं का. पेन उघडून थांबले होते. मी म्हणाले, "नाही. वडील तर एकदम धडधाकट होते."