बांध जुन्या दगडावर

॥ श्री ॥
मु. मुठा, १५ जून १९५२

चि. भैरूस सगुणाअक्काचा आशीर्वाद. वि. वि.

हितं सगळी खुशाल. पत्र मास्तरांकडनं लिवून घेतीय. ते भाषा शुद्ध कराया निघालं व्हते. मी म्हणलं, भाऊ पलटणीत हाय, त्याला बहिणीचा आवाज कळू द्या.

कज्ज्याचा निकाल लागला. वरचं खाचर माझं ठरलं. तुझे दाजी ब्रह्मदेशात जपान्यांशी लढताना पडल्यावर थोरल्या दिरानं, हैबतरावानं, बांध मोडून त्यात नांगर घातला, त्याला आठ वर्सं झाली. आता पंच बसायचे हायेत आणि अटी मी सांगायच्या हायेत. गावाला लई हौस. एक म्हणतो, त्याला देवळापुढं नाक घासाया लाव. दुसरा म्हणतो, त्याचं भाताचं खाचर तुझ्या खाली हाय, पाण्याची वाट बुजव, बघू लावणी कशी करतोय. मला पाण्याचं पटलंय.

आणिक एक. मास्तरांनी पेपरात वाचलं की सरकारनं जपानशी तह केला, भरपाई कायबी घेणार न्हाई. कुंकू माझं गेलं आणि माफी सरकारनं दिली. मला इचारलं न्हाई. पत्ता त्यांना ठावं हाय, पेन्शन त्याच पत्त्यावर येती. तू जपानात राहून आलास. तूच सांग, ती माणसं माफीजोगी हायेत का.

जीव लावतोस तसाच लाव.
तुझी अक्का


बेळगाव, २३ जून १९५२

ती. गं. भा. अक्काच्या पायी भैरूचा नमस्कार. वि. वि.

पत्र मोठ्यानं वाचलं. मास्तरांना सांग, आवाज बरोबर आलाय. शेजारच्या खाटेवरचा नाईक उठून बसला.

तहाचं आम्हालाही सांगितलं. आमचे कप्तान म्हणाले, पहिल्या महायुद्धानंतर हरलेल्या जर्मनाला जिंकलेल्यांनी पिळून काढलं, तर वीस वर्षांत तो दुप्पट रागानं उठला. मला राजकारण कळत नाही. पाहिलं ते सांगतो.

सेहेचाळीस साली हरलेल्या जपानात पलटणीबरोबर उतरलो तेव्हा दाजी डोळ्यांपुढं होते. एखादा तरी हाताशी सापडावा असं मनात होतं. काम मिळालं ते गोळा केलेल्या हत्यारांवर पहाऱ्याचं. तलवारी, बंदुका, आणि गडबडीत लोकांचे विळेही त्या ढिगात आलेले. एक म्हातारा तीन दिवस रोज यायचा, कमरेत वाकायचा आणि उभा राहायचा. दुभाषा म्हणाला, त्याला त्याचा विळा हवाय. ढिगातलं काही द्यायचं नाही असा हुकूम होता. त्याचे दोन मुलगे ब्रह्मदेशात मेलेले. कुठल्या ठाण्यावर, ते मी विचारलं नाही.

चौथ्या दिवशी विळा काढून दिला. माफ केलं म्हणून नव्हे. भात पिकून उभं होतं आणि कापायला तो एकटाच होता. मला सात दिवस जादा पहारा लागला. तो योग्यच होता.

मी धाकटा, तुला काय सांगणार. बांध होता तिथंच घालून घे, बोटभरही सोडू नकोस. पुढचं तू ठरव.

माया कमी होऊ देऊ नकोस.
तुझा भैरू


मु. मुठा, ८ जुलै १९५२

चि. भैरूस अक्काचा आशीर्वाद. वि. वि.

पंच बसायच्या आदल्या दिशी मी कुदळ घिऊन पाण्याची वाट बुजवाया गेले व्हते. हे तुला सांगते, पंचांना सांगितलं न्हाई. खाली हैबतरावांच्या खाचरात रत्नाजाऊ एकटीच रोपाच्या जुड्या बांधत व्हती. तिनं मला बघितलं, कुदळ बघितली, आणि जुडी बांधतच राहिली. मी माघारी आले.

मग अटी सांगितल्या. बांध जुन्या दगडावर. घालायचा हैबतरावांनी, आपल्या हातानं, मी उभी असताना. फिरून मोडायचा न्हाई. नाक घासायचं न्हाई. पाणी हाय तसं मोकळं.

थोरले पंच लई नाराज. म्हणाले, मग जितलीस कशाला. मी म्हणलं, खाचरासाठी. निम्मं गाव सुपारी न खाताच उठलं.

बांध घालताना हैबतरावांनी हातभर जागा माझ्याकडं जास्त सोडली. भ्यानं का लाजंनं, ठावं न्हाई. मी म्हणलं, जास्तीचं नगं, मागं घ्या. त्यांनी घेतलं. मान वर केली न्हाई.

जपान्यांचं म्हणशील तर मला अजून जमलेलं न्हाई. सरकारला घाई असंल.

हाय तो लोभ सांभाळ.
तुझी अक्का


मु. मुठा, १९ जुलै १९५२

रा. रा. भैरू पाव्हणे यांस हैबतरावाचा रामराम. वि. वि.

आठ वर्सांत तुमाला पत्र घातलं न्हाई. हे मास्तरांकडनं लिवून घेण्याजोगं नव्हं, म्हणून माझ्या हातानं लिवतोय. चौथीपातुर शिकलोय, चुका संबाळून घ्या.

अटी पाळतोय. अटींत नव्हतं ते सांगतो. तुमच्या दाजीनं, आमच्या कोंडाजीनं, ब्रह्मदेशातनं शेवटलं पत्र मला धाडलं व्हतं. दादा, मी आलो न्हाई तर वरचं खाचर सगुणाचं, तिला अंतर देऊ नगंस, असं त्यात हाय. ते मी पेटीच्या तळाशी ठिवलं. कोर्टात कुणी इचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई. तिनं मला नाक घासाया लावलं असतं तर त्याच सांजंला ते चुलीत घातलं असतं.

काल तिच्या हातात नेऊन दिलं. तिनं मास्तरांकडनं दोनदा वाचून घेतलं. मला एकच इचारलं, अक्षर त्यांचंच का. मी व्हय म्हणलं. मग तिनं ते पदराखाली धरलं आणि आत गेली.

उद्या तिची लावणी हाय. मी आन् रत्ना, दोघंबी जातोय. तिनं बोलावलेलं न्हाई.

तुमचा राग वाजवी हाय. रजेवर आलात तर तो घिऊनच या, पर घरी या.
हैबतराव

ता. क. पत्र टाकायचं राहिलं. लावणीला जाऊन आलो. दिसभर ती आमच्याशी बोलली न्हाई. दुपारी भाकरी सोडली, ती तिघांची व्हती.