पट्ट्याच्या आतली ओळ

हार्मन क्रीक, कॅन्सस
१० ऑक्टोबर १९८८

ती. डेल्मरदादास,
वर्नाचा सा. न. वि. वि.

इकडे सगळे बरे आहोत. मका काढून झाला. ह्यांचा गुडघा थंडीची चाहूल लागताच कुरकुरायला लागलाय.

कॉलेजातून कर्बीचं पत्र मंगळवारी आलं. वसतिगृहातलं मीटलोफ घशाखाली उतरत नाही, मका काढून झाला का, वगैरे. शुक्रवारी दुसरं आलं, तर तेही तेच. शब्दन् शब्द तेच, मीटलोफसकट. हे म्हणाले, आपल्या पोराच्या डोक्याला अभ्यास आहे, होतं असं. मला काही ते पटेना.

त्यात शनिवारी टीव्हीवर त्याचा फुटबॉलचा सामना पाहिला. दोन आडदांड पोरांनी त्याला आडवा केला, आणि उठून तो भलत्याच संघाच्या घोळक्याकडे चालू लागला. डॉक्टर काही विचारत होते, तर हा दर वेळी आधी डाव्या मनगटाकडे बघायचा आणि मग तोंड उघडायचा. काय आहे त्या मनगटावर? संघाच्या सामानखोलीत तू आहेस, त्याचं हेल्मेट, कपडे सगळं तुझ्या हातून जातं. खरं काय ते कळव.

त्याची एखादी फाटकी जर्सी पाठव, गोधडीत जोडेन म्हणते. चिडलास तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
वर्ना

१४ ऑक्टोबर

चि. वर्नास,
अनेक आशीर्वाद.

लहानपणी कोंबडीनं अंडं दिलं नाही तरी तू माझेच खिसे तपासायचीस. अजून तशीच आहेस.

अगं, क्वार्टरबॅक म्हणजे सगळ्या संघाला चाल सांगणारा. साठ-साठ चाली कुणाच्या लक्षात राहतात? त्या चिठ्ठीवर लिहून मनगटाच्या पट्ट्यात सरकवतात. दर आठवड्याला ती चिठ्ठी मीच लिहितो. म्हणून नजर तिकडे जाते, सवय आहे ती. डॉक्टरांनी नेहमीचे पाचही प्रश्न विचारले: गाव कोणतं, वार कोणता, गेल्या आठवड्यात कुणाशी खेळलो, कोण जिंकलं, आईचं नाव काय. पठ्ठ्यानं पाचही उत्तरं बरोबर सांगितली. आणखी काय हवं तुला?

पाच नोव्हेंबरला व्यावसायिक संघांची माणसं त्याला बघायला येणार आहेत. माझ्या वेळी ती आली तेव्हा मी डोक्याला पट्टी बांधून बाकावर बसलो होतो, आणि तेव्हापासून दुसऱ्यांचे कपडे धुतोय. कर्बीचं तसं होऊ देणार नाही.

त्या सामन्यात फाटलेली जर्सीच पाठवतोय. शंका जरा कमी काढ आणि माया आहे तेवढी राहू दे.

तुझा,
डेल्मर

२५ ऑक्टोबर

दादा,
न. वि. वि.

जर्सीच्या बाहीत पट्टा अडकून आला. तू घाईत जर्सी खोक्यात कोंबलीस ना, तेव्हा दिसला नसणार.

चाली मला कळत नाहीत. पण साठाव्या चालीच्या खाली चार ओळी आहेत. गावाचं नाव. शनिवार. आधीच्या संघाचं नाव. आपण जिंकलो, सात गुणांनी. माझ्या शाळेच्या वह्यांवर नाव तूच घालायचास, तुझं अक्षर मी ओळखणार नाही होय?

मी पट्टा उलटा केला. आतल्या बाजूला बॉलपेननं पाचवी ओळ आहे, ती तुझी नाही, कर्बीची आहे. आई: वर्ना.

चार उत्तरं त्यानं तुझ्याकडून लिहून घेतली. हे पाचवं मागायची त्याला लाज वाटली असेल. मी स्वयंपाकघरात बसून रडले, आणि मग तुझा भयंकर राग आला. त्याला घेऊन डॉक्टरांकडे तू जा. नाही गेलास तर ह्यांची पिकअप घेऊन मी येते.

लोभाचं नंतर बघू.

वर्ना

३० ऑक्टोबर

चि. वर्नास,
आशीर्वाद, घ्यावासा वाटला तर.

ती आतली ओळ मला माहीत नव्हती. चार ओळींचं म्हणशील, तर इथं सगळेच करतात म्हणून मी मनाची समजूत घातली होती.

शुक्रवारी त्याला डॉक्टरांकडे नेलं. दाराबाहेर नवा पट्टा काढायला लावला. गाव बरोबर सांगितलं, वारही. संघ गेल्या वर्षीचा सांगितला. कोण जिंकलं ते अंदाजानं ठोकलं. मग आईचं नाव विचारलं. त्यानं उघड्या मनगटाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. तळ्यात पोहायला शिकवताना बघायचा, अगदी तसा. माझ्या ओठांवर आलं होतं गं. मी मान खाली घातली.

डॉक्टरांनी फाइल मिटली. त्याचं हेल्मेट आता माझ्या फळीवर आहे, ते तिथेच राहणार. चिठ्ठीवर ती उत्तरं कुणी लिहिली ते मी प्रशिक्षकांना सांगितलं, उद्या सामानखोलीच्या किल्ल्या परत द्यायच्या आहेत.

कर्बी माझ्याशी बोलत नाही. फक्त काल सामानखोलीच्या खिडकीशी थांबला, “वर्ना” एवढंच म्हणाला आणि गेला. आठवलं होतं की कुणाला विचारून आला होता, मला कळलं नाही. त्याचे हात खिशात होते, मनगट दिसलं नाही.

पिकअप घेऊन ये. त्याला घरी ने.

तुझा,
डेल्मर